कोण कुणाशेजारी बसतं

१९८६ साली निन्टेंडोचे दोन गेम सहा महिन्यांच्या अंतरानं जपानी बाजारात आले. फेब्रुवारीत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’, ऑगस्टमध्ये ‘मेट्रॉइड’. कंपनी एक, यंत्र एक आणि वरवर पाहिलं तर खेळही एकाच जातीचा: अनोळखी मुलखात एकट्यानं शिरायचं, वाट शोधायची, मिळेल ते शस्त्र घेऊन पुढे सरकायचं. पण दोन्ही खेळलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की हे एका हातचं काम नव्हे. झेल्डात उजेड आहे, झाडंझुडपं आहेत, गुहेतला म्हातारा स्वतःहून तलवार देतो. मेट्रॉइडमध्ये सगळीकडे काळोख. बोलायला कुणी नाही आणि कानावर पडतं ते संगीत आहे की कुठल्या प्राण्याचा आवाज, असा प्रश्न पडावा. संगीतकार हिरोकाझू तानाका यांना नेमका तोच संभ्रम हवा होता.

झेल्डा घडला संशोधन आणि विकास विभाग ४ मध्ये, शिगेरू मियामोतो यांच्या हाताखाली. मेट्रॉइड घडला विभाग १ मध्ये, गुनपेई योकोई यांच्या देखरेखीत. दोन्ही विभाग क्योतोतलेच. पण साहेब वेगळे, कामाची रीत वेगळी आणि एखादी गोष्ट ‘जमली’ असं केव्हा म्हणायचं याचा निकषही वेगळा. पडद्यावरच्या त्या उजेडाचं आणि त्या काळोखाचं मूळ कंपनीच्या विभागणीत आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या मताच्या पुराव्यासाठीच हे पुस्तक लिहिलं.

कंपनीची अंतर्गत रचना म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मनुष्यबळ विभागाचा तक्ता येतो: चौकोन, चौकोनांना जोडणाऱ्या रेषा, वर अध्यक्षांचं नाव. तो तक्ता खरोखरच रटाळ असतो. पण गेमच्या धंद्यात त्या रेषांमागे फार मोठे प्रश्न दडलेले असतात. यंत्र बनवणारा इंजिनिअर आणि गेम बनवणारा डिझायनर रोज भेटतात का? एखादी कल्पना आठ महिने चुकीच्या वाटेनं गेली, तर ती थांबवायचा अधिकार कुणाला? दोन गटांनी एकाच वेळी एकसारखी गोष्ट सुरू केली, तर कुणाची पुढे जाते? नव्यानं आलेल्या पंचविशीतल्या मुलाची कल्पना ऐकून घेणारं माणूस त्याच्यापासून किती टेबलं दूर बसतं? या प्रश्नांची उत्तरं बदलली की गेम बदलतात. अर्थसंकल्पानं, तंत्रज्ञानानं बदलतात त्याहून जास्त बदलतात.

निन्टेंडोच का, हे सांगायला हवं, कारण मोठ्या कंपन्या काही कमी नाहीत. युबिसॉफ्टचा एकेक मोठा गेम अनेक देशांतले स्टुडिओ वाटून घेतात. २००८ पासून पुण्यात आणि २०१८ पासून मुंबईत असलेल्या त्यांच्या स्टुडिओंमध्ये आपली कितीतरी मराठी मुलं-मुली या साखळीत काम करतात. अमेरिकेतल्या वाल्व्हनं उलटं टोक गाठलं: अधिकारपदंच ठेवायची नाहीत आणि माणसानं आपलं टेबल ढकलत नेऊन हव्या त्या कामाला लागायचं. या दोन्ही पद्धतींवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण निन्टेंडोत एक गोष्ट आहे जी इतरत्र सापडत नाही, ती म्हणजे सातत्य. १९७७ साली नोकरीला लागलेले मियामोतो आजही तिथेच आहेत. जपानमधल्या त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा सरासरी काळ चौदा वर्षांच्या आसपास भरतो. माणसं तीच राहतात आणि त्यांच्याभोवतीच्या भिंती हलतात. त्यामुळे कुठली भिंत हलवल्यानं काय झालं, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच गेम कंपनीत दिसत नाही.

ही कंपनी मुळात पत्त्यांची. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत हानाफुदा हे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवायला सुरुवात केली. त्यांचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ पासून २००२ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, अध्यक्ष होते. १९६५ मध्ये त्यांनी पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी एक तरुण इंजिनिअर घेतला. तो म्हणजे योकोई. काम फारसं नसे. वेळ जावा म्हणून योकोईंनी कात्रीसारखा उघडमीट करत लांब होणारा एक हात बनवला. तो साहेबांच्या नजरेस पडला. बोलावणं आलं. आता बोलणी खावी लागणार या तयारीनं योकोई गेले, तर यामाउचींनी सांगितलं, हे विकायच्या लायकीचं कर. १९६६ च्या त्या ‘अल्ट्रा हँड’चा खप दहा लाखांवर गेला आणि कंपनीत नवी खेळणी शोधण्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. निन्टेंडोच्या सगळ्या विकास विभागांचा मूळपुरुष हा असा यंत्रदुरुस्तीच्या खोलीत सापडलेला.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं तसे विभाग वाढले. विभाग १ योकोईंकडे. विभाग २ शार्पमधून आलेल्या मासायुकी उएमुरा यांच्याकडे; १९८३ चा ‘फॅमिकॉम’ त्यांचा. विभाग ३ गेन्यो ताकेदा यांच्याकडे. यामाउची या विभागांना मुद्दाम एकमेकांशी झुंजवत ठेवत. एका छपराखाली वेगळ्या चुली, आणि कुणाचं शिजलं ते चाखून पाहणारा माणूस एकच. ते स्वतः व्हिडिओ गेम खेळत नसत असं सांगतात, पण ‘गो’ या बैठ्या खेळात त्यांची गती मोठी होती. त्या काळच्या मुलाखती वाचताना वारंवार जाणवतं की लोक त्यांना घाबरत आणि तरीही त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेवत. ही व्यवस्था चालली ती एकाच माणसाच्या नजरेवर. तिचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

विभाग ४ जन्मला तो एका संकटातून. १९८१ च्या सुमारास निन्टेंडोनं ‘रडार स्कोप’ हे आर्केड यंत्र मोठ्या संख्येनं अमेरिकेला पाठवलं होतं आणि त्यातली सुमारे दोन हजार यंत्रं विकली न जाता पडून होती. त्याच यंत्रांच्या पोटात दुसरा गेम घालून ती खपवायची, असं ठरलं. काम मिळालं मियामोतोंना. ते औद्योगिक डिझाइन शिकलेले, प्रोग्रामिंग न येणारे. योकोई वडीलधारे म्हणून देखरेखीला. यातून ‘डाँकी काँग’ निघाला. त्याचं प्रोग्रामिंग निन्टेंडोच्या आत झालंच नाही. इकेगामी त्सुशिन्की या बाहेरच्या कंपनीनं ते केलं. म्हणजे ज्या गेमनं निन्टेंडोला जगभर ओळख दिली, तो लिहायला कंपनीकडे हात नव्हते. स्वतःची माणसं हवीत ही निकड तिथून लागली.

पुढची चार-पाच वर्षं या पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती. विभाग ४ मध्ये माणसं थोडी: मियामोतो, ताकाशी तेझुका, संगीताला कोजी कोंदो, आणि प्रोग्रामिंगला ‘एसआरडी’ या छोट्या कंपनीची मंडळी. कागदोपत्री ती कंपनी वेगळी, पण तिची माणसं निन्टेंडोच्याच इमारतीत बसत. ‘सुपर मारियो ब्रदर्स’चा एकेक टप्पा आलेखाच्या लांब कागदावर पेन्सिलनं काढला जाई. कुठे वीट, कुठे खड्डा, कुठे शत्रू. तो कागद हातानं उचलून प्रोग्रामरकडे न्यायचा. त्यांनी चौकोन मोजून आकडे भरायचे, खेळून पाहायचं, बिघडलेलं पुन्हा कागदावर दुरुस्त करायचं. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून फक्त बदल त्यावर काढत. हे कागद आजही जपलेले आहेत. ते पाहिले की लक्षात येतं, डिझायनर आणि प्रोग्रामर यांच्यात त्या वेळी अंतर होतं ते फक्त दोन टेबलांमधलं.

त्याच वेळी हीच मंडळी झेल्डाही करत होती. दोन गेम शेजारी शेजारी चालू असल्यामुळे कल्पना इकडच्या तिकडे सहज जात. मारियोच्या किल्ल्यांमध्ये गोल फिरणारी आगीची दांडी आहे ना, ती मूळची झेल्डासाठी योजलेली. दोन गेम दोन विभागांत असते, तर ती दांडी मारियोत येण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागला असता. बहुधा आलीच नसती.

पुढे हा विभाग ‘ईएडी’ या नावानं वाढत गेला आणि मियामोतोंची एक सवय कंपनीभर प्रसिद्ध झाली. जुन्या जपानी घरांतलं जेवणाचं बुटकं मेज रागावलेला बाप ताटांसकट उलथून टाकतो, हे तिथल्या कथांमधलं ओळखीचं दृश्य. मियामोतो महिनोन्‌महिने चाललेलं काम शेवटच्या टप्प्यात थांबवत आणि मुळापासून फिरवायला लावत, त्याला लोक तेच नाव देत. बाहेरच्याला ही लहर वाटेल. पण ज्यांचं काम उलथलं गेलं त्यांच्या कहाण्या वाचल्या तर दिसतं की मेज उलथणारा माणूस उलथल्यावर निघून जात नसे. काय बदललं म्हणजे गेम उभा राहील, हे सांगायला तो थांबे. अधिकार आणि जबाबदारी एकाच टेबलाशी असण्याचा हा फायदा. कंपन्या मोठ्या झाल्या की अधिकार वरच्या मजल्यावर जातो आणि जबाबदारी खाली राहते. माझ्या मते निकृष्ट गेमचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

विभाग १ बद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण मारियोच्या प्रकाशात तो झाकला गेला. योकोईंचं तत्त्व साधं होतं: जुनं, स्वस्त झालेलं, पक्कं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा कुणी विचारही न केलेला उपयोग शोधा. गणकयंत्रांमुळे स्वस्त झालेल्या पडद्यांतून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आलं. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. रंग नसलेला, पण साध्या बॅटऱ्यांवर तासन्‌तास चालणारा. इथे लक्ष द्यायची गोष्ट अशी की या विभागात यंत्र बनवणारे आणि गेम बनवणारे एकत्र होते. सातोरू ओकादा यांचंच उदाहरण घ्या. गेम बॉयच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा, आणि त्यावरच्या ‘सुपर मारियो लँड’चे डायरेक्टरही तेच. यंत्राची मर्यादा काय आणि तिच्यात काय बसेल, हे एकाच डोक्यात असल्यावर गेम त्या यंत्राला हातमोज्यासारखा बसतो.

१९९५ चा ‘व्हर्चुअल बॉय’ साफ पडला. पुढच्याच वर्षी योकोईंनी कंपनी सोडली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्ते-अपघातात ते गेले. अपयशामुळे त्यांना घालवलं, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती खरीच मानली जाते. सोडण्याचा विचार आधीपासून होता, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मी त्यांच्या शब्दाला मान देतो. त्यांच्यामागे विभाग १ काही वर्षं टिकला आणि २००३ मध्ये त्यानं ‘वारिओवेअर’ दिला: पाच-पाच सेकंदांच्या वेडगळ खेळांची माळ. त्या काळात विभागातली कुणीही माणसं स्टिकी नोटवर एखादी कल्पना खरडत आणि गोरो आबे यांच्या टेबलावर चिकटवून जात. बैठक नाही, सादरीकरण नाही. चांगली कल्पना विभागातल्या कुठल्याही टेबलावरून येऊ शकते, हे कुणी भाषणात न सांगता तिथे रोज घडत होतं.

२००२ मध्ये यामाउची पायउतार झाले आणि त्यांनी निवडलेले सातोरू इवाता अध्यक्ष झाले. इवाता मूळचे प्रोग्रामर. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी कर्जात बुडालेल्या ‘हॅल लॅबोरेटरी’ची धुरा त्यांच्यावर पडली होती. तिथे त्यांनी एक शिरस्ता पाळला: वर्षातून दोनदा प्रत्येक कर्मचाऱ्याशी एकट्यानं बसून बोलायचं. कोण कशात आनंदी आहे, कोण कुठे अडलंय, हे त्यातून कळे. निन्टेंडोत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एकाच माणसाच्या अचूक नजरेवर चालणारी घडी त्या माणसामागे चालणार नाही. २००४ च्या सुमारास जुने क्रमांकाचे विभाग मोडले गेले. गेम बनवणारे बहुतेक ईएडीत आले, तिथे गट पडले; एईजी आओनुमांचा गट झेल्डा सांभाळू लागला, कात्सुया एगुचींचा ‘ॲनिमल क्रॉसिंग’, आणि तोक्योत योशिआकी कोइझुमी यांच्याभोवती एक नवी टीम उभी राहिली. उरलेल्यांतून ‘एसपीडी’ हा दुसरा विभाग झाला. त्यात विभाग १ ची माणसं होती आणि बाहेरच्या स्टुडिओंबरोबरचं कामही होतं. या फेरबदलाचे बारकावे तिसऱ्या प्रकरणात आहेत. इथे त्यात शिरत नाही.

इवातांच्या काळातला अधिक खोल बदल हार्डवेअरचा. घरात टीव्हीला जोडायची यंत्रं एक विभाग करी आणि हातात धरायची दुसरा. ‘निन्टेंडो डीएस’ १५ कोटींवर खपला, ‘वी’ १० कोटींवर, तेव्हा ही विभागणी कुणाला खटकली नाही. खटकली ती पुढे. ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या दोन यंत्रांची रचना इतकी वेगळी होती की एकासाठी केलेलं काम दुसऱ्याला उपयोगी पडेना. दोन्हीकडे गेम पुरवता पुरवता टीमची दमछाक झाली आणि वी यू दीड कोटीचा टप्पाही गाठू शकला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये इवातांनी दोन्ही हार्डवेअर विभाग एक केले. पुढच्या वर्षी क्योतोत मुख्यालयाजवळच विकासकामासाठी नवी इमारत तयार झाली. तोवर ही माणसं शहरात वेगवेगळ्या जागी बसत होती. विभाग कागदावर एक करणं सोपं असतं. माणसांना एका छपराखाली आणायला इमारत लागते, पैसा लागतो, आणि धंदा मंदीत असताना तो खर्च करायची हिंमत लागते.

जुलै २०१५ मध्ये इवाता गेले. वय पंचावन्न. त्यांनी घातलेल्या घडीवर सप्टेंबरमध्ये शेवटचा हात फिरला: ईएडी आणि एसपीडी एकत्र होऊन ‘ईपीडी’ झाला, प्रमुख शिन्या ताकाहाशी. मियामोतो आणि ताकेदा सल्लागाराच्या भूमिकेत गेले. मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ आलं: टीव्हीलाही जोडा, हातातही धरा. त्या यंत्राचे जनरल प्रोड्यूसर होते कोइझुमी, ज्यांनी आयुष्यभर गेम केले. जनरल डायरेक्टर होते कोइची कावामोतो, ज्यांनी डीएसवरचा मेंदूला व्यायाम देणारा गेम केला होता. यंत्राच्या निर्मितीची सूत्रं गेम बनवणाऱ्यांच्या हाती दिलेली होती. योकोईंच्या विभाग १ मध्ये जे एका मजल्यावर घडत होतं, ते आता सबंध कंपनीच्या पातळीवर घडलं, असं मी म्हणेन. स्विच १५ कोटींच्या वर खपलं.

स्विच आलं त्याच दिवशी आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा मालिकेतल्या गेमवर सुमारे तीनशे माणसांनी काम केलं. क्योतोतली, आणि २००७ पासून निन्टेंडोची उपकंपनी असलेल्या ‘मोनोलिथ सॉफ्ट’चीही. एवढ्या माणसांना एक कल्पना कशी दाखवायची? डायरेक्टर हिदेमारो फुजिबायाशी यांच्या टीमनं १९८६ च्या झेल्डासारखा सपाट, ठोकळेबाज नमुना बनवला आणि त्यात झाड तोडून ओंडका करणं, गवताला आग लावणं हे सगळं आधी खेळून पाहिलं. जग किती मोठं असावं हे ठरवताना त्यांनी क्योतोचा नकाशा गेमच्या नकाशावर ठेवला. रोज चालायचं अंतर सगळ्यांच्या पायांना माहीत होतं. इथून तिथे जायला किती वेळ लागेल यावर वाद घालायची गरज उरली नाही. हा तोडगा माणसं एका गावात राहत असली तरच सुचतो.

मग काहीच गमावलं नाही का? गमावलं, असं मला वाटतं, आणि ते या पुस्तकात लपवलेलं नाही. विभाग १ मधून एसपीडीत आलेल्या माणसांनी ‘ऱ्हिदम हेवन’, ‘तोमोदाची लाइफ’ असे चमत्कारिक, छोटे, कुणाच्याही व्याख्येत न बसणारे गेम केले. स्विचच्या पहिल्या आठ वर्षांत या दोन्ही मालिकांचा एकही नवा गेम आला नाही. एवढ्यावरून एकत्रीकरण चुकलं असा निकाल मी देणार नाही. पण तीनशे माणसांचं काम शेजारी चालू असताना दहा माणसांच्या कामासाठी जागा राखून ठेवणं कुणाचं तरी कर्तव्य असायला हवं. वेगळ्या विभागात ती जागा आपोआप राखली जात होती. त्याच वेळी ‘स्प्लॅटून’चंही उदाहरण समोर आहे: पांढरे-काळे ठोकळे एकमेकांवर शाई उडवतात, एवढ्याशा नमुन्यातून तरुण मंडळींनी एक नवी मालिका उभी केली, तीही मोठ्या ईएडीच्या पोटात. म्हणजे मोठ्या विभागात हे अशक्य नाही. मात्र तिथे ते कुणीतरी घडवून आणावं लागतं.

साधनांविषयी थोडं. निन्टेंडो आपल्या आतल्या गटांबद्दल मोजकंच बोलते. इवातांनी स्वतः सहकाऱ्यांच्या घेतलेल्या दीर्घ मुलाखती हा सगळ्यात मोलाचा ठेवा. दुसरं साधन गेमच्या शेवटी सरकणारी नावं. सुरुवातीच्या काळात तीही खरी नसत; त्या वेळी जपानी कंपन्यांत टोपणनावं देण्याची चाल होती, आणि मेट्रॉइडमध्ये तानाका ‘हिप तानाका’ म्हणून दिसतात. कुणी काय केलं हे ठरवायला म्हणून पुष्कळ पडताळणी करावी लागली. जिथे दोन साक्षी जुळल्या नाहीत, तिथे मी श्रेय वाटलेलं नाही. माणसाच्या आयुष्यातली पाच-पाच वर्षं एका गेममध्ये जातात, ते श्रेय अंदाजानं इकडून तिकडे करायचा हक्क कुणालाच नाही.

हे पुस्तक लिहिताना पुण्या-मुंबईत गेम बनवणारे वाचक सतत मनात होते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं केलेला ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला. अशा लहान टीम उद्या मोठ्या होतील, त्यांना दुसरा मजला घ्यावा लागेल, आणि त्या दिवशी कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न पडेल. निन्टेंडोची नक्कल करून तो सुटणार नाही, कारण माणसं चौदा वर्षं टिकवणारा पगार आणि धीर त्यामागे आहे. पण त्यांनी काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, हे माहीत असलेलं बरं.

शेवटचं प्रकरण तोक्योच्या टीमला दिलं आहे. २००४ चा ‘डाँकी काँग जंगल बीट’, २००७ चा ‘सुपर मारियो गॅलक्सी’, २०१७ चा ‘सुपर मारियो ओडिसी’ आणि स्विच २ वर जुलै २०२५ मध्ये आलेला ‘डाँकी काँग बनान्झा’ हे सगळे त्याच परंपरेतले. या वीस वर्षांत विभागाचं नाव बदललं, अध्यक्ष दोनदा बदलले, यंत्रं चार झाली. टीममधली माणसं एकेक करून बदलत गेली, तरी हाताचं वळण टिकलं. ते कसं, हे त्या चार गेमच्या नामावल्या शेजारी शेजारी ठेवून शोधलं आहे.